नारळ निर्दोष ठरला, म्हणून गोळी बंद?

यंदा चवथीला मूळ घरी सगळे जमलो होतो. दुपारची आरती झाली, पंगती उठल्या आणि माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या मांडवीखाली, बसल्या बसल्या वाद पेटला तो कोलेस्टेरॉलवरून. माझ्या धाकट्या काकांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे. मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ पाहून त्यांनी एप्रिलपासून कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली होती, घरात कुणालाही न सांगता. त्या व्हिडिओतली मांडणी त्यांना तोंडपाठ होती. अॅन्सेल कीज नावाच्या अमेरिकन संशोधकापाशी बावीस देशांची आकडेवारी होती, त्यातले सोयीचे सात देश त्याने उचलले आणि तुपाला, नारळाला बदनाम केले. त्या खोट्याच्या पायावर औषध कंपन्या उभ्या राहिल्या. आता खुद्द अमेरिकेनेच कोलेस्टेरॉलवरची मर्यादा उठवली, मग आपण गोळ्या का गिळाव्यात? यावर डॉक्टरकी शिकत असलेली पुतणी तिरीमिरीत म्हणाली, खोबरेल तेल म्हणजे निव्वळ विष. काकांचे म्हणणे, तुझे पणजोबा रोज नारळाच्या कडीबरोबर भात जेवून नव्वदीपर्यंत जगले. त्यानंतर कोणी कोणाचे ऐकले नाही.

हाच वाद गोव्यात आता लग्नाच्या मांडवात, देवळाच्या सभामंडपात आणि वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात रंगताना दिसतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो चुकीच्या पद्धतीने घातला जातो. माझे म्हणणे आधीच सांगतो. यात दोन वेगळे प्रश्न आहेत. रक्तातले एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, वर्षानुवर्षे चढे राहिले तर हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब होतात का, हा पहिला. ते एलडीएल ताटातल्या कुठल्या पदार्थाने किती वाढते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'होय' आहे आणि त्याबद्दल आता वाजवी शंका उरलेली नाही. दुसऱ्या प्रश्नात मात्र संशोधकांनी चुका केल्या, घाई केली, काही वेळा अप्रामाणिकपणाही झाला. दुसऱ्या प्रश्नातल्या चुका दाखवून पहिल्याचे उत्तर खोडायचे, ही त्या व्हिडिओची युक्ती. आणि पहिल्याच्या खात्रीवर विसंबून दुसऱ्या प्रश्नात वाटेल ते ठामपणे बोलायचे, ही आपल्या बऱ्याच डॉक्टरांची सवय.

कीज यांच्यापासून सुरुवात करू, कारण आरोपी म्हणून त्यांनाच उभे केले जाते. १९५३ साली त्यांनी एक आलेख छापला. त्यात सहा देश होते. आहारातला मेद जितका जास्त, तितके हृदयविकाराचे मृत्यू जास्त, अशी सुबक वर चढत जाणारी रेषा. १९५७ साली येरुशाल्मी आणि हिलबो या दोघांनी दाखवून दिले की बावीस देशांची आकडेवारी उपलब्ध होती. ती सगळी घेतली तर रेषेचा सुबकपणा जातो आणि संबंध बराच सैल होतो. टीका रास्त होती. पण 'सात देशांचा अभ्यास' ही त्यानंतरची, १९५८ साली सुरू झालेली, पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. त्यात छापील आकडेवारीतून देश निवडलेले नव्हते. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया आणि जपानमधल्या सोळा गटांतल्या चाळीस ते एकोणसाठ वयाच्या बारा हजारांवर पुरुषांची प्रत्यक्ष तपासणी करून वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा केला गेला. 'बावीसांतून सात' हे वाक्य दोन वेगळ्या कामांची सरमिसळ आहे. ज्याने मूळ काम एकदा जरी चाळले असेल, त्याच्या तोंडी ते येणार नाही.

त्या अभ्यासातही दोष होतेच. देश चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. जिथे काम जमण्यासारखे होते आणि आहारात फरक अपेक्षित होता तिथे संशोधक गेले. ग्रीसच्या क्रीट बेटावरल्या आहाराच्या नोंदींचा काही भाग उपासाच्या काळातला होता. चतुर्मासात किंवा ख्रिस्ती लोकांच्या उपासाच्या काळात गोव्यातल्या घरांतले ताट मोजले तर वर्षभराचे चित्र मिळेल का? तरीही या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट कीज यांचे टीकाकार सांगत नाहीत, आणि त्यांचे भक्तही नाहीत. क्रीट बेटावर लोकांच्या एकूण उष्मांकांतले सुमारे ४० टक्के मेदातून येत होते. तरी हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण तिथे अगदी कमी, आणि पूर्व फिनलंडमध्ये सर्वांत जास्त. क्रीटमध्ये मेद होता तो ऑलिव्हच्या तेलाचा, फिनलंडमध्ये लोण्याचा आणि सायीच्या दुधाचा. म्हणजे 'मेद वाईट' असे हा अभ्यास म्हणतच नाही. मेद कुठला, हे तो विचारतो. पुढे 'लो फॅट'चा जो बाजार भरला, त्यात मेद काढून साखर भरलेली बिस्किटे आणि दही आरोग्याच्या नावावर खपली. त्याचे खापर कीज यांच्या डोक्यावर फोडता येणार नाही.

अमेरिकेने मर्यादा उठवली म्हणजे काय केले? २०१५च्या त्यांच्या आहारविषयक मार्गदर्शनात अन्नातून दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल घेऊ नये, ही अट गळली. ही अट अंड्याच्या बलकातल्या कोलेस्टेरॉलबद्दल होती, धमनीत साचणाऱ्या नव्हे. आपल्या रक्तातले बहुतांश कोलेस्टेरॉल यकृत स्वतः तयार करते. खाल्लेल्या कोलेस्टेरॉलचा त्यावर परिणाम माफक असतो, संपृक्त मेदाचा, म्हणजे तूप, लोणी, खोबरेल यांत भरपूर असतो त्या मेदाचा, जास्त. गंमत म्हणून नव्हे, न्याय म्हणून सांगायला हवे की अन्नातल्या कोलेस्टेरॉलला फारसे महत्त्व नाही, हे कीज स्वतः १९५०च्या दशकातच म्हणत होते. ज्या बदलाला त्यांचा पराभव म्हणून मिरवले जाते, तो त्यांच्याच मताकडे उशिरा परतणे होता.

आता विरोधी बाजूचे खरोखर बळकट मुद्दे. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही, कारण काकांसारखी माणसे ते शोधून काढतातच, आणि आपण झाकले होते हे कळले की आपल्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो.

पहिला मुद्दा मिनेसोटाचा. १९६८ ते १९७३ या काळात मनोरुग्णालयांतल्या आणि एका शुश्रूषागृहातल्या नऊ हजारांवर लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्यांच्या जेवणातला संपृक्त मेद काढून मक्याचे तेल दिले. कोलेस्टेरॉल उतरले, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. या प्रयोगात कीज स्वतः सहभागी होते. निष्कर्ष तपशिलात छापून आले १९८९ साली, आणि जुन्या कागदपत्रांतून पूर्ण आकडेवारी धुंडाळून तिचे नवे विश्लेषण झाले ते २०१६ साली. सोळा वर्षे निकाल पडून राहणे हा साधा दोष नाही, विज्ञानाच्या नावाला तो कलंक आहे. पण प्रयोगातून निष्कर्ष काय निघतो? सहभागी झालेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकच वर्षभराहून जास्त काळ त्या आहारावर राहिले. जो रोग पंचवीस-तीस वर्षे धमनीत मुरत जातो, तो वर्षभराच्या तेलबदलाने मागे फिरेल का? शिवाय त्या काळच्या मार्गारीनमध्ये, म्हणजे वनस्पती तेलाच्या कृत्रिम लोण्यात, तेल घट्ट करताना तयार होणारा ट्रान्स मेद असायचा, आणि तो मेद लोण्याहून घातक आहे हे उघडकीला यायचे होते. मक्याचे तेल ओतले की काम झाले, ही समजूत या प्रयोगाने मोडली. एलडीएल निरुपद्रवी आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरा मुद्दा साखर उद्योगाचा. १९६७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात साखरेला मोकळे सोडून मेदावर बोट ठेवणारा लेख लिहिला. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने त्यांना पैसे मोजले होते. हे बाहेर आले २०१६ साली. ब्रिटनचे पोषणशास्त्रज्ञ जॉन युडकिन साखरेकडे बोट दाखवत होते आणि कीज यांनी त्यांच्यावर फार कडवट शब्दांत हल्ला चढवला होता. इथे कीज चुकले, असे मला वाटते. साखरेचा धोका त्यांनी हलका लेखला. पण दोन आरोपींपैकी एकाने साक्षीदार फोडला म्हणून दुसरा आपोआप सुटतो का?

तिसरा मुद्दा आपल्या घरचा. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली भारतीय रेल्वेच्या कर्मचाऱ्यांची पाहणी छापली. पंजाबातले लोक दूध-तूप कितीतरी पट जास्त खात होते, तरी हृदयविकाराचे मृत्यू दक्षिणेत सात पट जास्त. तुपाचे समर्थक ही पाहणी आजही पुढे करतात. काही वर्षांपूर्वी देशातल्या राज्यनिहाय रोगभाराचा जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यात २०१६ सालची स्थिती पाहिली तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या राज्यांत केरळ, तमिळनाडू आणि पंजाब ही तिन्ही आहेत. नारळाचे केरळ आणि तुपाचे पंजाब एकाच रांगेत. पन्नास वर्षांत पंजाबचे तूप बदलले नाही. शेतातला घाम गेला, ट्रॅक्टर आला, पोट सुटले, आयुष्य लांबले. मल्होत्रांची पाहणी खोटी नव्हती. एका काळातल्या, एका जीवनक्रमातल्या माणसांचे ते चित्र होते आणि ते आज आपल्याला लागू नाही, एवढेच.

मग पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी इतक्या खात्रीने का देतो? कारण ते एका आलेखावर टेकलेले नाही. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये अनिच्कोव्ह यांनी सशांना तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या धमन्या माणसांच्या धमन्यांसारख्या भरल्या. तेव्हाच आक्षेप आला की ससा गवत खाणारा प्राणी, त्याचे माणसाला काय? आक्षेप योग्य होता. त्याचे उत्तर मिळायला साठ वर्षे लागली. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात अशा मुलांचा अभ्यास केला ज्यांच्या पेशींवर एलडीएल उचलून घेणारी यंत्रणाच जन्मतः नसते. रक्तात एलडीएल साठत जाते. ही मुले सिगारेट ओढत नाहीत, त्यांना मधुमेह नसतो, कामाचा ताण नसतो. आणि त्यांना शाळकरी वयात हृदयविकाराचा झटका येतो. या कामाला १९८५चे नोबेल मिळाले. २००६ साली नेमके उलटे उदाहरण समोर आले. काही माणसांत एक जनुक जन्मापासून नादुरुस्त असते आणि त्यामुळे त्यांचे एलडीएल आयुष्यभर सुमारे २८ टक्के कमी राहते. अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांत हृदयधमनीचा विकार ८८ टक्के कमी आढळला. ही माणसे काही गोळी घेत नव्हती, पथ्य पाळत नव्हती. निसर्गानेच हा प्रयोग मांडून ठेवला होता. त्यात कुठल्या कंपनीचा पैसा शिरणार?

आणि औषध? जपानमधल्या आकिरा एन्दो यांनी हजारो बुरश्या तपासून १९७३ साली एका पेनिसिलियम बुरशीतून पहिले स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध, वेगळे केले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या प्रयोगाचा निकाल लागला. हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण, निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी कोरी गोळी. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात गोळी घेणाऱ्यांत एकूण मृत्यूच ३० टक्के कमी. काकांच्याच जातीचे रुग्ण होते ते.

गॅलिलिओने पृथ्वी फिरते हे सिद्ध करायला भरती-ओहोटीचा दाखला दिला होता. तो दाखला साफ चुकीचा होता. म्हणून पृथ्वी थांबली का? सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला गेला तेव्हा रोनाल्ड फिशरसारखा विसाव्या शतकातला अव्वल संख्याशास्त्रज्ञ म्हणत राहिला की दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी होते असे नाही. तत्त्व बरोबर होते, निष्कर्ष जीवघेणा. कीज यांचा सहा देशांचा आलेख भरती-ओहोटीच्या दाखल्यासारखा समजा हवे तर. त्याला कात्री लावून टाका. बाकी सगळे जिथल्या तिथे राहते.

आता पुतणीच्या 'विषा'कडे वळतो. तेही मला मान्य नाही. खोबरेल तेलात जवळजवळ ९० टक्के संपृक्त मेद असतो, हे खरे. २०२० साली सोळा प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमने वाढले आणि 'चांगले' म्हणतात ते एचडीएल ४ने. विषाचे आकडे असे नसतात. पण हा अमृताचाही पुरावा नाही. पॅसिफिकमधल्या टोकेलाऊ बेटांवरचे लोक साठ टक्क्यांहून जास्त उष्मांक नारळातून घेत आणि त्यांच्यात हृदयविकार विरळा होता, हे नारळाचे समर्थक आवर्जून सांगतात. खरे आहे. त्यांचे बाकीचे जेवण मात्र मासे, कंदमुळे आणि निरफणस होते, आणि जगणे अंगमेहनतीचे. शिवाय कमी नारळ खाणाऱ्या पुकापुका बेटावरच्या लोकांपेक्षा त्यांचे कोलेस्टेरॉल चढेच होते.

आपल्या पणजोबांचेही असेच आहे. 'आपले पूर्वज रोज नारळ खायचे' म्हणताना कोणते पूर्वज डोळ्यांसमोर असतात? कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, भाटकाराचे म्हणजे जमीनमालकाचे होते, पाडा (नारळांची उतरण) झाला की नारळ मोजून त्याच्या घरी किंवा बाजारात जात. त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराच्या घरी एका कवडीचे, म्हणजे अर्ध्या नारळाचे, वाटण दोन वेळा पुरवायचे. सकाळी खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीत, उतरलेला माणूस दहा वाजता पेज आणि भाजलेला सुका बांगडा खायचा, दुपारी उकड्या तांदळाचे शीत आणि पातळ कडी. जे नव्वदीपर्यंत जगले ते आपल्याला आठवतात, कारण ते आपल्या आठवणीत असण्याइतके जगले. पंचेचाळिशीत 'छातीत कळ आली आणि गेला' म्हणून ज्यांची नोंद फक्त घरातल्या बायकांच्या बोलण्यात राहिली, त्यांचा ईसीजी कोणी काढला होता?

नारळाचा हिशेब स्वयंपाकघरातच करता येतो. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३३ ग्रॅम मेद, त्यातला ३० ग्रॅमच्या आसपास संपृक्त. चार माणसांच्या हुमणाला, म्हणजे माशाच्या कडीला, दीडशे ग्रॅम खोबरे वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ११ ग्रॅम संपृक्त मेद आला. दिवसाला दोन हजार उष्मांक खाणाऱ्या माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, म्हणजे उष्मांकांच्या दहा टक्के, सुमारे २२ ग्रॅम होते. एका वेळच्या कडीने निम्मी मर्यादा भरली. उरलेल्या निम्म्यात रात्रीची भाजी, सकाळच्या उंड्यावरचे (गोल पावावरचे) लोणी, दुधाचा चहा आणि संध्याकाळची बाजारातली भजी मावायची आहेत. ज्याला कडी प्रिय आहे त्याने कडी ठेवावी आणि लोणी, भजी, नारळाच्या मिठाया यांतून काय सोडायचे ते ठरवावे. हा हिशेब सांगितला तर गोव्यातला कुठलाही माणूस तो समजू शकतो. 'नारळ बंद' म्हटले की तो डॉक्टरांसमोर मान हलवतो आणि घरी येऊन पूर्वीसारखाच जेवतो, किंवा काकांसारखा उलट टोकाला जातो.

आणि नारळाच्या या भांडणात गोव्याचा मोठा रोग नजरेआड होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त कुठे निघाले? गोव्यात, २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४. त्याच पाहणीत चढ्या कोलेस्टेरॉलमध्ये केरळ पहिले होते. मधुमेह्याच्या धमनीला एलडीएल जास्त लवकर पोखरते. स्टॅटिनने मधुमेहाची शक्यता किंचित वाढते, हा आक्षेप खरा आहे आणि गोव्यात तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. चाळिशीच्या निरोगी माणसाला नुसत्या एका आकड्यावरून गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी थांबून विचार करावा. पण ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे, त्याच्या बाबतीत तराजूची दोन्ही पारडी जवळपासही येत नाहीत. पॉलिश केलेल्या तांदळाचा डोंगर, गोड चहा, शीतपेये, दुचाकीशिवाय पाऊल न टाकणे, रात्री उशिराचे जेवण आणि दारू, यांच्याबद्दल चवथीच्या त्या वादात एक शब्दही निघाला नाही. काकांच्या हातात तेव्हा तिसरी नेवरी होती.

आज गोव्यात झटका आलेल्या रुग्णाचा ईसीजी गावच्या आरोग्य केंद्रातून बांबोळीच्या गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या) तज्ज्ञांना पाठवून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे देण्याची सोय झाली आहे. तिने माणसे वाचतात आणि तिचा मला अभिमान वाटतो. तेवढ्याच निष्ठेने कोणीतरी कोकणी आणि मराठीत एक पान छापून प्रत्येक आरोग्य केंद्रात ठेवावे: कवडी, वाटी आणि चमच्याच्या मापात लिहिलेले, हुमण, खटखटे, उंडो, नेवरी यांची नावे असलेले. ओट्स आणि ऑलिव्ह तेलाचे चित्र असलेली पत्रके आपल्याकडे पुष्कळ वाटून झाली. आणि गोळी कशासाठी, किती वर्षे, बंद केली तर काय, हे सांगायला तपासणीत पाच मिनिटे राखावीत. काकांना ही पाच मिनिटे तीन वर्षांत एकदाही मिळाली नव्हती. ती व्हिडिओवाल्याने दिली.

चवथीनंतरच्या आठवड्यात मी त्यांना रक्त तपासायला घेऊन गेलो. गोळी चालू असतानाच्या जुन्या कागदावर एलडीएल ६८ होते, नव्यावर १५१. दोन्ही कागद त्यांनी बराच वेळ शेजारी शेजारी धरून पाहिले. मग एवढेच विचारले, "आणि कडी?" कडी चालेल, म्हटले, नारळ थोडा कमी घालून. सोमवारी सकाळी दोघे मिळून डॉक्टरांकडे जाणार आहोत, प्रश्न त्यांनी वहीत लिहून ठेवले आहेत.